वाढीव चार वर्षं

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (हल्ली एकदा वाकलो की कंबर सरळ व्हायला वेळ लागतो, म्हणून हा नमस्कार कागदावरच गोड मानून घ्यावा.)

तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालतो, कारण विचारलं तरी तू 'बरी आहे' यापलीकडे काही सांगणार नाहीस. गुडघा काय म्हणतो? झोप लागते का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. ही मजेत आहे, म्हणजे माझ्यावर रोजच्या इतकीच चिडलेली आहे. पत्र नेहमीप्रमाणे तुझी सूनबाई तुला वाचून दाखवील. (सूनबाई, कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचायचा. वरचा एक कंस मोठ्याने वाचून झाला असेल तर तो राहू दे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.)

तर अक्का, मी लॅपटॉप विकत घेतला. नवा कोरा. तू आत्ता कपाळाला हात लावला असशील, मला इथून दिसतोय. मुलाने दिलेला जुना लॅपटॉप घरात आहेच. त्याचं झाकण एका बाजूने उचललं जातं आणि 'क' दाबला की दोनदा उमटतो, पण चालतो. 'मग ह्या वयात नवीन कशाला?' असं तू विचारशील. सगळ्यांनी विचारलं. मी कोणालाच उत्तर दिलं नाही. शहात्तराव्या वर्षी माणसाला उत्तर न देण्याची मुभा असली पाहिजे. लॅपटॉप घेतला, घरी आणला आणि खोक्यासकट कपाटावर ठेवून दिला. खोकं का उघडत नाही, यावर ही दिवसातून दोनदा बोलते. तेही मी ऐकून सोडून देतो.

पण खरी कथा लॅपटॉपची नाहीच, त्याच्या वाढीव वॉरंटीची आहे. तुला माझं तत्त्व ठाऊक आहे. उभी हयात पाण्याचे मीटर खोलून जोडण्यात गेली. यंत्र बिघडायचंच असेल तर पहिल्या महिन्यात बिघडतं, नाहीतर मग त्याला हात लावणारा कोणीतरी हुशार माणूस घरात यावा लागतो. वाढीव वॉरंटी म्हणजे अंगणात उभ्या असलेल्या माणसाला होडी विकण्याचा प्रकार, असं मी आजवर सांगत आलो. फ्रिजला घेतली नाही, मिक्सरला घेतली नाही, पंख्याला तर विकणाऱ्याचीच हिंमत झाली नाही. त्यामुळे दुकानातल्या निळ्या टीशर्टातल्या मुलीने बिल करताना जेव्हा विचारलं, "काका, वाढीव वॉरंटी टाकू ना?" तेव्हा माझ्या तोंडून सवयीने 'नको' निघायला हवं होतं. ते निघालं नाही. मी विचारलं, "किती वर्षांची मिळते?"

ती पाठ केलेलं घडाघडा बोलायला लागली. कंपनीची एक वर्षाची आहेच, तिच्यापुढे एक, दोन नाहीतर चार वर्षं वाढवून मिळतात. "चार वर्षांचा प्लॅन सगळ्यात फायद्याचा, काका..." इथे तिने मान वर करून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. आधी केसांकडे, मग काऊंटरला टेकवलेल्या काठीकडे. आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "दोन वर्षांचाही छान आहे."

अक्का, मी तिथल्या तिथे समजलो. त्या मुलीने माझी अर्धी वर्षं कापली होती, आणि तेही माझ्या तोंडावर, हसून! ठरवायला आठवडाभराची मुदत होती. मी म्हटलं, विचार करून सांगतो. बाहेर पडलो तो काठी बगलेत मारून, ताठ. (कोपऱ्यावर वळल्यावर काठी पुन्हा खाली घेतली. सूनबाई, मनात.)

घरी येऊन हिला विचारलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन पुरे." आता दुकानातली मुलगी परकी. पण हिच्याकडे आतल्या गोटातली माहिती असते. माझ्या गोळ्या हिच्या हातात, माझं मीठ हिच्या हातात, रात्री माझा श्वास नीट चालतो की नाही हे ऐकणारीही हीच. हिने 'दोन' म्हटल्यावर मला जेवण गेलं नाही. "दोनच का?" म्हणून मी तीन वेळा विचारलं, तेव्हा म्हणाली, "बरं, एक घ्या, पण ताट पुढे ओढा." म्हणजे घासाघीस करायला गेलो आणि होतं तेही गमावलं!

मग मुलाला फोन लावला. वाटलं, पोटचा पोर आहे, बापाला चार वर्षं नाकारणार नाही. तो म्हणाला, "एक वर्ष पुरे." अक्का, एक! तेवढ्यात मागून सुनेचा आवाज आला, "नको आता, संपत आलंय." काय संपत आलंय हे मी विचारलं नाही. ऐकायचं धैर्य नव्हतं. 'बरं, ठेवतो' म्हणालो आणि ठेवला. ह्या मुलाला सायकल शिकवताना मी त्याच्यामागे किती पळालो ते तू पाहिलं आहेस. तेव्हा कोणी मला विचारलं नव्हतं, अजून किती वर्षं पळणार म्हणून.

संध्याकाळी खाली बाकावर हा विषय मी काढला नाही, पण माझा फोन ऐकून ही जिन्यात बोलली होती, त्यामुळे तो माझ्याआधीच बाकावर येऊन बसला होता. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "चार वर्षं? लॅपटॉपची की तुमची?" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. (ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत आणि त्यांना मी चार वर्षं मुळीच दिली नसती, पण मी सभ्य माणूस.) विमा विकणारे शेजारी मात्र गंभीर होते. त्यांनी तुझे-माझे वडील किती वर्षं जगले ते विचारलं, आई विचारली, मी कधी तंबाखू खाल्ली का ते विचारलं, मग डोळे मिटून मनात काहीतरी मांडलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आकडा सांगत नाही. चांगले संबंध आहेत आपले."

इथे, अक्का, माझं डोकं फिरलं. मला एकाएकी कळलं की ह्या सगळ्यांच्या मनात माझा एक आकडा आधीपासून तयार होता. रोज माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते, आणि आकडा खिशात! लॅपटॉपचं निमित्त झालं म्हणून बाहेर पडला. त्याच क्षणी मी ठरवलं: घेईन तर चार वर्षांचाच घेईन. आणि आपल्या घराण्यात ठरलं म्हणजे ठरलं, हे तुला मी सांगायला नको. हा हट्ट मी तुझ्याकडूनच उचलला आहे. लहानपणी मुलींना नदीत पोहायला बंदी होती, तेव्हा तू बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायचा सराव करायचीस, आणि मोजायला मला उभं करायचीस.

तरी एक शेवटची खातरजमा म्हणून डॉक्टरांकडे गेलो. आपले नेहमीचेच. खोटं कारण सांगायचं नव्हतं, म्हणून सरळ विचारलं, "डॉक्टर, लॅपटॉपची चार वर्षांची वाढीव वॉरंटी घेऊ का?" डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नळी कानाला लावली. छाती तपासली, पाठ तपासली, दाब घेतला, जीभ काढायला लावली. लॅपटॉपसाठी जीभ काढणारा मी पहिलाच पेशंट असेन. शेवटी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "घ्या की. बिनधास्त घ्या. मीठ सोडलंत तर पाचवं वर्ष मी माझ्याकडून देतो."

तिथून मी जवळजवळ नाचत घरी आलो. हिला म्हटलं, "चार! वर एक फुकट!" ही म्हणाली, "मग आजपासून लोणचं बंद." प्रत्येक विजयाला अशी एक शेपटी असते.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुकानात गेलो. काऊंटरवर तीच मुलगी, आणि शेजारी तिचा मॅनेजर. मी म्हटलं, "चार." मॅनेजर समजुतीच्या स्वरात म्हणाला, "काका, चार वर्षांत मॉडेल जुनं होतं. तुम्हालाच बदलावंसं वाटेल." मी म्हटलं, "साहेब, मी बेचाळीस वर्षं एकच बायको, एकच घड्याळ आणि एकच न्हावी वापरलाय. मला बदलावंसं वाटत नाही. चार." तो म्हणाला, "दोन घेऊन ठेवा, पुढे बघू." मी काऊंटरवर मूठ आपटली. फार जोरात नाही, पण तिथे मांडून ठेवलेल्या लॅपटॉपांपैकी एकाचा पडदा उजळला, तेवढी. "पुढे बघू, पुढे बघू म्हणतच माणसं मागे पडतात," मी म्हटलं. हे वाक्य मला तिथेच सुचलं.

मुलीने कागद पुढे केला. मी सही करत असताना हळूच म्हणाली, "काका, मुदत संपली की या हं. वाढवून देईन." मी विचारलं, "तू असशील का इथे?" ती मॅनेजरकडे नजर टाकून पुटपुटली, "माझंच कंत्राट सहा महिन्यांचं आहे. पुढचं त्यांनी काही सांगितलं नाही." अक्का, तिच्यावरचा माझा सगळा राग त्या काऊंटरवरच उतरला. विशी-बाविशीची पोर, आणि तिला सहा महिने! मी मॅनेजरला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "मुदत संपली की मी येईन, आणि हिच्याकडूनच वाढवून घेईन, नाहीतर घेणार नाही." मॅनेजर कोरडं हसला. मुलगी खरं हसली. मी बाहेर पडलो.

असो. वेळेवर जेवत जा. सूनबाईला आशीर्वाद. (कंस सांभाळून वाचल्याबद्दल आणखी एक.)

तुझा,
ठोंब्या
(हे नाव वापरणारी आता तू एकटीच उरली आहेस.)

ता. क. – सूनबाई, हे मोठ्याने वाच, आणि सावकाश. अक्का, तो लॅपटॉप माझा नाही. माझा जुना मला पुष्कळ आहे, 'क' दोनदा उमटला तरी तू समजून घेशील. कपाटावरचं खोकं तुझं आहे. कागदावर नावही तुझंच आहे, वयाच्या रकान्यात एक्क्याऐंशी. निळ्या टीशर्टातल्या मुलीने तो रकाना दोनदा वाचला, पण तोंडातून ब्र काढला नाही. म्हणून मला चारच हवी होती. माझ्यासाठी मी दोनावर राजी झालो असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन करू या म्हटलं की तू म्हणतेस, 'आता काय बघायचं राहिलंय?' मी राहिलोय. रोज संध्याकाळी त्या पडद्यावर येऊन बसेन, मला बघ. सुंदर नाही, पण चार वर्षांची हमी आहे.

ता. क. २ – प्लॅन दुसऱ्याच्या नावावर करून मिळत नाही, आणि मधेच सोडला तर पैसे परत नाहीत. मी दोन्ही गोष्टी विचारून घेतल्या. तू वाया घालवणाऱ्यातली नाहीस.

ता. क. ३ (वेगळ्या हस्ताक्षरात) – वन्सं, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. काही दुरुस्त्या. मुलगा फोनवर 'एक वर्ष पुरेल का?' असं म्हणाला होता. आमची सून म्हणाली 'संपत आलंय', ते तिच्या मोबाइलच्या चार्जिंगबद्दल होतं. मी दोन म्हटलं ते पोळ्यांबद्दल, कारण ह्यांनी नेमकं काय विचारलं ते मलाही कळलं नव्हतं. ह्यांना गेलं वर्षभर नीट ऐकू येत नाही, आणि कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की 'आता काय ऐकायचं राहिलंय?' म्हणतात. कुठून शिकले कोण जाणे. तेव्हा मी आणि तुमच्या सूनबाईने परस्पर ठरवलं आहे. येत्या मंगळवारी आम्ही खोकं घेऊन तुमच्याकडे येतो. बुधवारी सकाळी तुमचे डोळे, दुपारी ह्यांचे कान. दोन्ही डॉक्टरांच्या वेळा घेऊन झाल्या आहेत. ह्या पत्राला उत्तर पाठवू नये.