नाशकात पाहिलेला गोरा ढोलवाला

बोरी बुद्रुक

प्रिय गोरखभाऊस कुंडलिकचा रामराम.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझा फोन लागतो पण तू उचलत नाहीस. इकडे मंडळी खुशाल आहेत, गाय व्याली, कालवड झाली. घोडेगावला लेकाकडे तुझी कंबर कशी आहे आणि वहिनींची शुगर काय म्हणते ते सवडीनं कळव. मागच्या यात्रेत तू ढोलासकट पडलास, पोरांनी त्याचा व्हिडिओ गावभर फिरवला आणि दुसऱ्या दिवशी ढोल माझ्या ओट्यावर ठेवून तू 'आता वय झालं' म्हणालास. तो विषय मी आज काढणार नाही. (पुढे काढला आहे.)

तर मी नाशकाला जाऊन आलो. आपली हर्षाली, माझी धाकटी, तिथं बँकेत आहे. तिच्या मैत्रिणीला ऐन वेळी ताप आला आणि तिकीट वाया जाऊ नये म्हणून बापाचा नंबर लागला. कार्यक्रम होता एका अमेरिकन बँडचा. पॉप पंक म्हणतात त्याला. म्हणजे चाल गोड, पण वाजवणं अंगात आल्यासारखं. तीसेक वर्षं वाजवतायत म्हणे. मुंबई-पुणं सोडून हे लोक नाशकालाच का आले ते कुणी सांगेना. (उतारवयात नाशिक कुणालाही आठवतं.)

इतक्या लांबून आलेले पाहुणे, तेही जुनेजाणते कलावंत, मग रिकाम्या हातानं कसं जायचं? मी टोपी, टॉवेल आणि नारळ घेतला. हर्षाली वाटभर सांगत राहिली की अप्पा, तिथं असलं काही नसतं. माझं म्हणणं, सत्कार कुठं नसतो? गेटवरच्यानं टोपी-टॉवेल सोडला, नारळ मात्र धरला. फेकून मारता येतो म्हणाला. मी त्याला समजावलं की नारळ फेकायचा नसतो, वाढवायचा असतो, आणि तिथल्याच कठड्यावर वाढवून दाखवला. मागची रांग खोळंबली, पण प्रसाद बऱ्याच जणांना पुरला. गेटवरच्यानंही मागून घेतला.

आत सगळं उभ्यानंच. (एवढं तिकीट काढून खुर्ची नाही.) मग ते चौघे आले. पिकलेल्या दाढ्या, गायकाच्या गुडघ्याला पट्टा आणि उड्या मात्र लेझमीतल्या पोरांसारख्या. गाणी कसली, तर शाळेचा कंटाळा आलाय, आईबाप ओरडतात, पोरगी बघत नाही. हर्षालीनं अर्थ सांगितल्यावर मला हसूच आलं; यांची नातवंडं शाळेत असतील. पण दुसऱ्या गाण्याला हसू गेलं. माणूस असा जीव ओतून गायला लागला की त्याचं वय विचारायचं सुचत नाही. आणि मागं ढोलवाला! टकला, पोट सुटलेलं, थेट तू. काय हात चालत होता राव त्याचा! एकदा त्याला दम लागला. त्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या, गायक पाणी प्यायला लागला आणि उरलेलं गाणं लोकांनी पुरं केलं. कुणी हसलं नाही. माझे डोळे भरून आले, ते मी टॉवेलानं पुसले. (म्हणजे सत्काराचा टॉवेलही गेला.)

पुढच्या गाण्याला समोर मारामारी जुंपली. पोरं गोल करून पळत होती आणि एकमेकांना धडका देत होती. यात्रेत भांडणं सोडवायचं काम माझ्याकडे असतं हे तुला ठाऊक आहे. मी टोपी घट्ट बसवली आणि 'अरे बास, बास' करत मध्ये शिरलो. सोडवणं राहिलं बाजूला, त्यांच्याबरोबर फरपटत एक फेरी मारली आणि सपाट पडलो. वाटलं, आता तुडवतात. तर सगळा गोल जागच्या जागी थांबला, चहूकडून हात आले आणि दंडावर गोंदलेल्या एकानं मला उभं करून टोपी झटकून डोक्यावर ठेवली. ते भांडण नव्हतंच, नाच होता. पोरगा निघाला मंचरचा. म्हणाला, "काका, पडल्याला आदी उचलायचं, मंग नाचायचं. हितं आसंच आसतंय."

गोरखभाऊ, तू पडलास तेव्हा आपल्याकडे आधी मोबाईल निघाले. त्याचा मला अजून राग आहे. पण त्यात तुझं वाजवणं कुठं चुकलं होतं? यंदा यात्रेला ये आणि ढोल गळ्यात घे. दम लागला तर खुशाल थांब, उरलेलं आम्ही पुरं करू. ढोलावरून हात काढण्याइतका तू म्हातारा झालेला नाहीस, हे मी नाशकात बघून आलो.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझाच,
कुंडलिक

ता. क. ढोलाला नवं कातडं चढवून घेतलं आहे. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही.

आणखी एक ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण एक राहिलं. पोरांनी यंदा मला लेझमीतून काढलंय. म्हणतात, काकांना ताल कळत नाही. खोटं नाही ते. इतकी वर्षं मी ताल कधी ऐकलाच नाही, तुझ्या हाताकडे बघून पाय टाकत आलो. गोरखमामा आले तरच तुम्हाला घेऊ, असं ती म्हणतात. नाहीतर मला पाण्याच्या जारपाशी बसवणार आहेत. ये रे.