फिन्टनचा पाईक

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

फिन्टन येतोय! ऊना गेल्यापासून घराबाहेर न पडणारा माणूस, आणि आज स्वतःहून फोन — "उद्या तळ्यावर तुमच्याबरोबर आलो तर चालेल?" बायको गेल्यावर पहिल्यांदाच काहीतरी मागितलं त्याने. चालेल म्हणजे काय! माझा मासेमारीतला जुना सोबती मॉसी, त्याला लगेच कळवलं.

फिन्टनला मात्र बजावलं — बाबा रे, पाईक म्हणजे हट्टी मासा. मी इतकी वर्षं वीस पौंडी पाईकमागे आहे, अजून गळाला लागलेला नाही. थंडी, चहा आणि मॉसीची बडबड, एवढंच धरून चल.

"तेवढंच हवंय गं," म्हणाला.

शनिवार, ८

लिहवत नाही.

रविवार, ९

लिहूनच टाकते.

दुपारपर्यंत सगळं शांत. मॉसीने दोन पिल्लं पकडली, सोडली. "नोरीन, तुझ्या जाळ्यात आज फक्त सर्दी येणार!" फिन्टन हसला — खरंच हसला.

मग त्याचा तरंगा सरकला आणि गडप! काठी अशी वाकली की मॉसीचीही बोलती बंद. मासा काठाशी आला — अगं आई गं! माझ्या पायाएवढा. वीस पौंड कसले, पंचवीस तरी. फिन्टन ओरडला, "ऊनाला सांगायला हवं!" आणि एकदम गप्प झाला.

आणि त्याच क्षणी माझ्या मनात काय यावं? — याला? पहिल्याच दिवशी?

मासा अजून दमला नव्हता. मला कळतं ते. दुसऱ्या कुणाला मीच "थांब" म्हटलं असतं. मी मासा उचलायचं दांड्याचं जाळं खुपसलं. जाळ्याची कडा दोरीवर आपटली, गळ सुटला. शेपटीचा एक फटका, आणि नुसतं पाणी.

मुद्दाम नाही. मुद्दाम नाहीच! पण इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नाही.

"मीच दोरी ढिली सोडली ना?" फिन्टनने विचारलं.

मी म्हणाले, "होतं रे. नवशिक्यांचं होतंच असं."

शी!

मंगळवार, ११

पबमध्ये मॉसी — "टोप्या काढा रे, मासा पळवून लावणारे साहेब आले!" सगळे हसले. फिन्टनही. "दोरी मीच ढिली सोडली," सगळ्यांना सांगत होता, "नोरीन बिचारीने केवढी धडपड केली." कुणीतरी माझ्या पाठीवर थोपटलं. ग्लास अर्धा ठेवून उठले.

गुरुवार, १३

फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. त्याला काय सांगू — जाळ्याचं, की मनातलं?

शुक्रवार, १४

मॉसी भेटला. म्हणे फिन्टन पुन्हा घरात बसलाय. "मासेमारी आपलं काम नाही" म्हणतो.

माझ्यामुळे.

शनिवार, १५

गेलेच. दारातच म्हणाले, "फिन्टन, दोरी ढिली नव्हती. माझं जाळं लागलं."

"माहितीये. पाहिलं मी."

"मग पबमध्ये—?"

"तुझा चेहराही पाहिला होता ना." केटली ठेवायला वळला. "मला कुणीतरी खरं सांगायला हवं होतं, नोरीन, म्हणून तर तळ्यावर तुला विचारलं. हल्ली सगळे मला जपूनच बोलतात." मग पाठमोराच म्हणाला, "उद्या जायचं. पण जाळं मॉसी धरेल."