माघारी मागितलेला आहेर

न्हावरे, गुरुवार, संध्याकाळ

काल सकाळी धार काढली, शेण भरलं आणि पेपर घेऊन ओट्यावर बसले. वाचते तर काय, दोन भागांत उघडणारं खेळण्यातलं अंडं कंपनी परत मागवतेय! त्याचं अर्धं कवच तान्ह्याच्या नाकातोंडावर घट्ट बसतं, श्वास कोंडतो.

"अहो, ऐकलंत का?" तोंडातून निघूनच गेलं. ऐकणारे कुठं आहेत आता?

नातीच्या बारशात आलेलं तेच अंडं मी भाचीच्या बाळाला आहेर केलेलं! संध्याकाळी कुठं तिला फोन लागला.

"मावशी, केलेला आहेर कुणी माघारी मागतं व्हय? आन् त्यो तर म्या दौंडच्या नणंदेच्या पोराला फिरवला!"

तिची नणंद फोन उचलेना, दौंडची शेवटची गाडीही गेलेली. ते अर्धं कवच डोळ्यांपुढून हलेना. मागायचं कसं? पण लाज कसली!

आज पहिल्या एसटीनं दौंडला गेले, बाळाच्या हातातून अंडं काढून घेतलं आणि त्याला मांडीवर घेऊन बसले.