सामबूअर

वेम्बली, २ ऑक्टोबर २००५

चि. श्रद्धास बाबांचे आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो. दिवाळीला एरिकला घरी आणते म्हणालीस. तो तुझा कोण असं विचारलं, तर तू एक नॉर्वेजियन शब्द तोंडावर फेकलास: सामबूअर. लायब्ररीत जाऊन पाहिला. लग्न न करता एका घरात राहणारा. असल्या माणसासाठी ज्या देशाने सरकारी फॉर्मवर रकाना ठेवला, त्या देशाची मला कीव येते. आपल्याकडेही अशांना शब्द आहेत, ते मी लेकीला लिहिणार नाही. त्याला आणणार असशील तर तूही येऊ नकोस.

वरच्या खोलीतल्या नंदाबाई बऱ्या आहेत. तुझ्यासाठी अनारशांचं पीठ करताहेत.

घराण्याची लाज राखशील या आशेवर,
बाबा

लीड्स, ८ ऑक्टोबर २००५

ती. बाबांना सा. न.

शब्द निम्माच पाहिलात. साम म्हणजे एकत्र आणि बू म्हणजे राहणं. तो बू आणि तुमच्या लाडक्या संस्कृतातला भू एकाच मुळाचे. एरिकच्या गावी पेपरातल्या निधनवार्तेतही नवरा-बायकोच्या जागी हा शब्द छापतात, आणि कुणी नाक मुरडत नाही.

आई गेल्यानंतर तीन वर्षांनी नंदामावशी आल्या. गेली सहा वर्षं त्या तुमच्या गोळ्या काढून ठेवतात, तुम्ही त्यांचा चष्मा पुसून देता. कौन्सिलच्या फॉर्मवर मात्र त्यांच्या नावापुढे तुम्ही लिहिलंत, भाडेकरू. मी पाहिलंय. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी येत नाही.

रागावलेली, तरी तुमचीच,
श्रद्धा

वेम्बली, १५ ऑक्टोबर २००५

चि. श्रद्धास आशीर्वाद.

लेक किती उर्मट झाली ते कळावं म्हणून तुझं पत्र मी नंदाला मोठ्याने वाचून दाखवलं. भाडेकरूपाशी आलो तेव्हा तिने गॅस बंद केला. त्या फॉर्मचं तिला ठाऊक नव्हतं. बॅग भरून ती क्रॉयडनला बहिणीकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, की तिने माझ्याकडे कधी कुठला शब्द मागितला नव्हता, पण हा नको होता.

चार दिवस ती फोन उचलत नाही. पीठ डब्यात तसंच आहे. दुसऱ्यांच्या भाषेला हसणारा तुझा बाप स्वतःच्या भाषेत भित्रा निघाला.

कौन्सिलमधून नवा फॉर्म आणलाय. एरिकला घेऊन ये, आपण आधी क्रॉयडनला जाऊ. वाटेत ट्रेनमध्ये त्याने तो शब्द माझ्याकडून घोटून घ्यावा. नंदासमोर मला तो चुकवायचा नाही.

तुम्हा दोघांची वाट पाहणारा,
बाबा