भुयार क्रमांक एकशे सात

मी, जयमाला रंभाजी पगारे, वय वर्षे ५१, धंदा संगणकाचे वर्ग चालवणे, मूळची पुणतांब्याची, हल्ली राहणार संगमनेर, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायला घरात कोणी नाहीच. दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत आणि नाशिकच्या डॉक्टरांनी मुदत सांगितली आहे. ती मी विचारूनच घेतली. वकीलबाईंनी आधी एक मसुदा करून दिला होता. तो बिनचूक होता, पण कोणाच्याही नावावर खपला असता, म्हणून हा दुसरा.

कलम १. पुणतांब्याचे दोन खोल्यांचे घर आणि पोस्टातली सर्व बचत माझी भाची शुभांगी हिला मिळावी. पुढच्या खोलीतला माझ्या वडिलांचा फोटो तिने काढू नये. गावातल्या घरांच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी अर्धे आयुष्य काढले. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत. मला मात्र ते नेहमी सांगत, "कुनाच्या घरात इचारल्याबिगर शिरू नगं." हे वाक्य मी इथे उगाच लिहीत नाही. पुढे ते लागणार आहे.

कलम २. वर्गातले तीन संगणक राजूरच्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावेत. त्यांच्यावर झाकायचे कापड मी शिवले आहे, ते वापरावे. नाहीतर धूळ बसेल आणि नाव संगणकाला ठेवतील.

कलम ३. लाल शाईचे शेऱ्यांचे रजिस्टर आणि "तपासले – ज. रं. प." असा रबरी शिक्का. हे काय आहे ते शुभांगीलाही नीट ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

१९९४ साली पुण्याहून घेतलेल्या एका संगणकाबरोबर एक खेळ आला. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक होते. आम्ही त्याला भुयार म्हणायचो. खोल्या, दारे, चाव्या, राक्षस, आणि आपल्या हातात बंदूक. सोबत आणखी एक प्रोग्राम होता, त्यात ज्याला त्याला स्वतःचे भुयार रचता येई. रचणारे भराभर निघाले आणि त्यांचे एक मंडळच झाले. बँकेतले कारकून, साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातले दोघे, राजूरचा एक कंपाउंडर. ते फ्लॉपी माझ्याकडे देत. मी आधी व्हायरस बघायची, मग एकेका खोलीतून फिरून कुठे भिंत सुटली आहे, कुठे माणूस अडकतो, ते दुरुस्त करायची आणि शिक्का मारून प्रती सभासदांना पाठवायची. राजूरकडच्या प्रती छगनराव कंडक्टर तिकिटांच्या पेटीतून नेत. एकदा त्यांनी त्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरवर ठेवल्या आणि त्यातल्या लोहचुंबकाने अकरा भुयारे पुसली गेली. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही.

आमचे आठ नियम होते, आठही मी केलेले. चौथा असा: ज्या दाराला चावी नाही ते दार चूक समजावे. आणि एक न लिहिलेली पद्धत होती. फ्लॉप्यांचा तुटवडा असे, म्हणून दुरुस्त भुयार त्याच फ्लॉपीवर, मूळच्याच जागी उतरवायचे. मूळ जपून ठेवायची सोय नव्हती. चूक कशाला जपायची, असे मीच म्हणत असे.

एका गृहस्थांनी राक्षसांच्या खड्ड्याच्या भिंतीवर आमच्या वस्तीचे नाव लिहून पाठवले होते. मी ते पुसले आणि त्यांना वर्षभर बंदी केली. "गंमत केली, मॅडम," म्हणाले. त्यांचे नाव रजिस्टरच्या पान ४१ वर आहे. त्यांना मी माफ केलेले नाही आणि मरते आहे म्हणून करणारही नाही. पण त्या दिवसापासून मला एक घमेंड चढली. कोणी भिंतीवर काय आणि का लिहिले ते आपल्याला कळते, अशी.

रजिस्टर जाळून टाकावे. शिक्क्याचे रबर खरवडून काढावे. पुन्हा कोणी तो कशावर मारू नये.

कलम ४. १९९६च्या उन्हाळ्यात फैयाज चांदभाई तांबोळी यांनी मला एक फ्लॉपी आणून दिली. बाजारपेठेत त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. भुयार क्रमांक एकशे सात. त्यात राक्षस नव्हते, खजिना नव्हता. अकरा खोल्यांचे साधे घर होते, एक चौकोन म्हणजे एक हात, अशा मापाने काढलेले. शेवटच्या खोलीचे दार बंद, आणि चावी कुठेच नाही.

मी चौथा नियम लावला. भिंत उघडून शेवटच्या खोलीत पाहिले: एक पलंग, एक खिडकी. अपुरे काम आहे, असे वाटले. मी अंगणात चावी ठेवली. खोली वाढवली, पलंग काढला, खिडकी बुजवली आणि दोन राक्षस उभे केले. मग शिक्का मारला आणि एकवीस जणांना प्रती पाठवल्या. सगळ्यांना आवडले. मला फार समाधान वाटले होते, हेही लिहायला हवे.

आठवड्याने फैयाजभाई वर्गात आले. मी कौतुकाने त्यांना खुर्चीवर बसवून दाखवले. ते घरभर फिरले, चावी उचलली, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. दार त्यांनी उघडले नाही.

"ते दार मी मुद्दाम लावलं हुतं, मॅडम," ते म्हणाले. "आत मेहरीन हाय."

मेहरीन त्यांची बायको. दोन वर्षे त्या खोलीत अंथरुणाला खिळून होती आणि तिथेच गेली. पुढे नाशिक-पुणे रस्ता रुंद झाला, त्यात घरही पाडले गेले. ते घर या जगात त्या एका फ्लॉपीवर उरले होते आणि ती फ्लॉपी मी पद्धतीप्रमाणे पुसली होती. तोवर एकवीस जण त्या खोलीत शिरून बंदुका झाडून आले होते.

ज्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, त्याच्या मुलीने दुसऱ्याच्या बंद दाराला चावी केली. मला याची लाज वाटते. तीन वर्षांत ती एक दिवसही कमी झालेली नाही. नववा नियम मी नंतर लिहिला: रचणाऱ्याला विचारल्याशिवाय एक वीटही हलवू नये. तो पाळायला मग कोणी उरले नाही. त्यानंतर मी भुयारे तपासली नाहीत.

कलम ५. सचिन वाकचौरे, प्राध्यापक, यांना मी काही देत नाही. मी सगळ्या प्रती परत मागवल्या. वीस आल्या, यांची आली नाही. त्यांनी ती आपल्या नावाने पुण्याच्या एका संगणक मासिकाकडे पाठवली. तिला बक्षीस मिळाले आणि मासिकाबरोबरच्या डिस्कवर ती गावोगाव गेली. परीक्षकांनी शेवटच्या खोलीची खास वाखाणणी केली होती. ती खोली माझी होती. यांच्यावर मी तीन वर्षे चिडून आहे, पण त्यांनी चोरले ते माझेच पाप, त्यामुळे चिडणेही धड जमत नाही. आज कुठल्या गावात कोण त्या खोलीत शिरत असेल ते मला कळणार नाही, आणि थांबवताही येणार नाही.

कलम ६. फ्लॉपी क्रमांक एकशे सात फैयाज चांदभाई तांबोळी यांना मिळावी. तीन वर्षे मी ते घर पहिल्यासारखे करण्याचा प्रयत्न केला आहे. चावी काढली, राक्षस काढले, दहा खोल्या जशाच्या तशा आहेत. शेवटच्या खोलीची मापे मी लिहून ठेवली नव्हती. पलंग कोणत्या भिंतीला होता, खिडकी डावीकडे होती की उजवीकडे, मला आठवत नाही. दोन्हीकडे करून पाहिली. दोन्ही खोट्या वाटल्या. शेवटी ती खोली मोकळी ठेवून मी दार बंद केले. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही, पण आत काही नाही, हे मी त्यांच्यापासून लपवणार नाही.

कलम ७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा कायदा वकीलबाईंनी सांगितला. म्हणून शेजारच्या मुक्ताबाई आणि छगनराव यांना, मनात असूनही, काही ठेवलेले नाही. ते साक्षीदार आहेत.

पुरवणी, सह्या होण्यापूर्वी त्याच बैठकीत लिहिलेली. कलम ६ फैयाजभाईंना मी मेल्यावर परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून मी त्यांना चिठ्ठी पाठवली होती. ते येतील असे वाटले नव्हते. आज ते आले. वकीलबाईंनी वाचून दाखवले. त्यांनी विचारले, मी साक्षीदार झालो तर चालेल का? वकीलबाई म्हणाल्या, चालेल, पण मग फ्लॉपी तुम्हाला मिळणार नाही.

"म्हनूनच इचारलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "दार तुमी चांगलं लावलंय, मॅडम. पर आत कुनी न्हाई. मी ते घेऊन काय करू?"

मी त्यांना एवढेच विचारले, की खिडकी कोणत्या बाजूला होती. सही कुठे करायची, असे त्यांनी वकीलबाईंना विचारले. छगनराव खुर्चीवरून उठले.

त्यामुळे कलम ६ रद्द समजावे. ती फ्लॉपी आमच्या पद्धतीप्रमाणे कोरी करून छगनरावांना द्यावी. ते आता साक्षीदार नाहीत. माझे आणखी काही म्हणणे नाही.

ठिकाण: संगमनेर
तारीख: १९ नोव्हेंबर १९९९

जयमाला रंभाजी पगारे (सही)

वरील मजकूर लिहिणारीने आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत वाचून सही केली, आणि तिच्या समोर आम्ही केली:

१. मुक्ताबाई किसन अभंग, राहणार संगमनेर (डाव्या हाताचा अंगठा)

२. फैयाज चांदभाई तांबोळी, घड्याळदुरुस्ती, राहणार संगमनेर (सही)
खिडकी उजव्या हाताला होती.