सोडा शेकरमध्ये का घालत नाहीत?

२ सप्टेंबर २०१९, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण राग. बायको, अर्लिस, म्हणते, राग आला की दहा आकडे मोजावेत. मी चारशेपर्यंत मोजले. उतरला नाही.

हकीकत अशी. ब्रिनचं लग्न बारा ऑक्टोबरला, तळ्याकाठच्या हार्लनच्या सपर क्लबात, म्हणजे बारवाल्या हॉटेलात. एकुलती एक मुलगी. मी साहजिकच जाहीर केलं की बारमागे मुलीचा बाप उभा राहील. तेवीस वर्षं आमच्या तळघरात माझा स्वतःचा बार आहे, अख्खी गल्ली तिथे पिऊन गेली आहे. तर ब्रिन म्हणते, "बाबा, बारला मारिबेल आहे. तू फक्त माझ्याबरोबर पोल्का नाच. मला तेवढंच हवंय."

फक्त पोल्का! नाचायला काय, कोणीही नाचतं. बार सांभाळायला माणूस लागतो.

ही मारिबेल म्हणजे मिलवॉकीहून आलेली. वय तीस. दंडावर अननस गोंदवलाय. हार्लनला एवढंच मिळालं.

३ सप्टेंबर, मंगळवार

जेवताना पुन्हा तोच विषय. शेवटी ब्रिन म्हणाली, "बारमागे यायचंच असेल तर आधी मारिबेलचा नवशिक्यांचा क्लास कर. सहा आठवडे." तिला वाटलं मी मागे हटेन. मी लगेच हो म्हणालो. मारिबेलवर देखरेख करायला कोणीतरी हवंच होतं.

मंगळवारी आणि गुरुवारी, अशा दोन बॅच आहेत. मंगळवारी माझं बोलिंग असतं. गुरुवार घेतला. त्यावर ब्रिन म्हणाली, "पण गुरुवारी आपला पोल्काचा सराव आहे ना? अकॉर्डियनवाला तेव्हाच मोकळा असतो." मी म्हटलं, अगं, आपल्या झास्ट्रो घराण्याच्या रक्तातच पोल्का आहे, रक्ताला सराव लागत नाही. ती ताट उचलून आत गेली. लग्नाचं टेन्शन असणार.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिला क्लास. सहा विद्यार्थी. म्हणजे पाच विद्यार्थी आणि मी.

डोरीन नावाची एक बाई आहे, आयुष्यभर दाताच्या दवाखान्यात काम केलेली. वही घेऊन आली होती! वही! पहिलाच प्रश्न: काही ड्रिंक हलवतात आणि काही ढवळतात, ते का? इतका बाळबोध प्रश्न मी जन्मात ऐकला नव्हता. मारिबेलने तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं की ते बारमनच्या मूडवर असतं.

मारिबेल म्हणाली, नाही. लिंबाचा रस, अंडं किंवा क्रीम असेल तर शेकरमध्ये हलवायचं, म्हणजे नीट मिसळून फेसाळतं. नुसती दारूच दारू असेल तर चमच्याने सावकाश ढवळायचं, म्हणजे नितळ राहते. डोरीनने लिहून घेतलं. मूडबद्दल मी सांगितलेलं लिहिलं नाही.

डोकं फिरलं. घरी येऊन अर्लिससाठी एक ओल्ड फॅशन्ड बनवली, माझं हुकमी कॉकटेल. अर्लिस म्हणाली, "ठेव तिथे, पिते सावकाश." थोड्या वेळाने पाहिलं तर ग्लास रिकामा. हीच खरी पावती.

८ सप्टेंबर, रविवार

बारजवळचं रबराचं झाड पुन्हा पिवळं पडलंय. हे तिसरं. अर्लिसच्या हाताला झाडं लागत नाहीत. बोललो तर म्हणाली, "मी नाही हं काही केलं." मग कोणी केलं?

१२ सप्टेंबर, गुरुवार

कहर झाला. मारिबेलने ओल्ड फॅशन्ड शिकवली आणि त्यात व्हिस्की घातली! व्हिस्की! विस्कॉन्सिनमध्ये उभं राहून! फळ रगडलं नाही, सोडा नाही, वर संत्र्याच्या सालीचा एक तुकडा पिळला आणि म्हणाली, झाली.

मी उभा राहिलो. भर क्लासात सांगितलं की ओल्ड फॅशन्ड म्हणजे ब्रँडी. साखर, संत्र्याची फोड आणि चेरी ग्लासच्या तळाशी रगडायची, बर्फ, ब्रँडी आणि वरून गोड सोडा. माझा बाप हेच प्यायचा, त्याचा बाप हेच प्यायचा. मारिबेल शांतपणे म्हणाली, "झास्ट्रोसाहेब, तीही शिकवणार आहे, पाचव्या आठवड्यात. मला स्वतःला तीच आवडते." मग आधी सांगायचं नाही का? माणसाला विनाकारण उभं केलं.

डोरीनने विचारलं, बिटर्स म्हणजे काय? मारिबेल म्हणाली, मुळं आणि सालींचा कडू अर्क, सूपमध्ये मीठ जसं तसा, दोन-तीन थेंब पुरतात. थेंब! मी चमचा घालतो. सढळ हात लागतो या धंद्यात.

ब्रिनचा निरोप होता की सरावाला आज आई आली होती, तुझ्या जागी. छान. अर्लिसला तेवढाच व्यायाम.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज बर्फावर पूर्ण तास. बर्फावर! चौतीस वर्षं मी कागदाच्या मिलमध्ये पाण्यात काढली आणि ही पोरगी मला पाणी शिकवते.

डोरीनचा प्रश्न: बर्फ कमी घातला तर ड्रिंक कमी पातळ होईल ना? मी जोरात "हो" म्हणालो. उत्तर निघालं "नाही". भरपूर बर्फ असला की तो हळू विरघळतो, दोन खडे घातले तर ते पटकन विरघळून सगळं पाणचट करतात. वर म्हणाली, ढवळताना थोडं पाणी मुद्दाम सुटू द्यायचं असतं, ते पाणीही ड्रिंकचाच भाग आहे.

पाणी ड्रिंकचा भाग! माझ्या बारवर कोणी असं बोललं असतं तर जिन्यावरून वर पाठवलं असतं. पाणी प्यायचं तर स्वयंपाकघरात नळ आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

टीव्हीवर पॅकर्सची फुटबॉल मॅच. अर्लिसचा भाऊ ड्वेन आला होता. तळघरात कायम झाडाशेजारच्या स्टुलावरच बसतो. माझं ड्रिंक त्याला इतकं आवडतं की मी टीव्हीकडे वळून परत बघेपर्यंत ग्लास रिकामा. दुसरं देऊ का विचारलं तर म्हणाला, "नको, नको, गाडी चालवायचीय." जबाबदार माणूस आहे.

ब्रिन आली होती. मला म्हणाली, "बाबा, फक्त डावीकडून सुरुवात करायची, दोनच मिनिटं दाखवते." मी म्हटलं, मॅच चालू आहे. मॅच खरंच चालू होती.

२६ सप्टेंबर, गुरुवार

डोरीन: व्हर्मूथ कुठे ठेवायची? मारिबेल: ती वाईनच आहे, उघडली की फ्रिजमध्ये, आणि दोनेक महिन्यांत संपवायची.

माझी व्हर्मूथ मी उघडली तेव्हा ब्रिन पहिलीत होती. अजून अर्धी आहे. मुरली आहे. मी हे अभिमानाने सांगितलं तर सगळा वर्ग हसला. डोरीन सगळ्यात जास्त. दाताच्या दवाखान्यातली बाई, तोंड केवढं उघडावं हे तिला कळायला नको?

संतापाने तिथून बाहेर पडलो. कोट राहिला म्हणून परत गेलो. अशा वेळी परत जाण्यासारखा अपमान नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

ब्रँडीची ओल्ड फॅशन्ड. अखेर माझा दिवस. मारिबेल म्हणाली, फळ हळू दाबा, सालीचा कडूपणा उतरेल इतकं नको. मी मिलमधल्या हाताने दाबलं. ग्लास तडकला. हार्लनचे ग्लास स्वस्तातले आहेत.

आणि आज डोरीनने प्रश्नांचा कळस केला. म्हणाली, सगळं एकदम शेकरमध्ये घालून हलवलं तर? सोड्यासकट? मारिबेल म्हणाली, सोडा कधीही शेकरमध्ये नाही, गॅस दाबला जातो, झाकण उडतं. सोडा नेहमी शेवटी, ग्लासात.

हे विचारायची गोष्ट आहे? शेंबड्या पोराला कळतं. मी मोठ्याने तसं म्हणालोही. डोरीन म्हणाली, "माहीत नसेल ते विचारायलाच आलेय मी इथे. तुम्ही कशाला आलात?" उद्धट बाई.

१० ऑक्टोबर, गुरुवार

क्लास संपला. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'हजर होते' एवढंच लिहिलंय, पण सही आहे. फ्रेम करून बारवर लावलं.

परवा बारमागे मला जागा आहे. मारिबेलने कबूल केलंय: साडेचार ते सव्वापाच. संत्री कापायची, बर्फ आणायचा, पाहुण्यांशी बोलायचं. साडेपाचला पोल्का. ब्रिनने तिच्यासमोर मला दोनदा विचारलं, "बाबा, साडेपाच. नक्की ना?" मी काय लहान मूल आहे?

१२ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी

आज दाखवतो सगळ्यांना.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी. हार्लनचं स्वयंपाकघर, ऑर्डरच्या पॅडवर.

हे ताबडतोब लिहून ठेवणं भाग आहे, नाहीतर उद्या लोक काहीही सांगतील.

सव्वापाचला मारिबेल म्हणाली, "झास्ट्रोसाहेब, आता सुटा, मुलगी वाट बघतेय." तेवढ्यात ती बिअरचं पिंप बदलायला आत गेली आणि वराच्या टेबलावरून सहा ओल्ड फॅशन्डची ऑर्डर आली. सहा! मुलीचा बाप उभा असताना व्याह्यांना थांबवायचं? एकेक ग्लास रगडत बसलो असतो तर उशीर झाला असता. मला पोल्काला वेळेवर पोचायचं होतं, हे नोंदवून ठेवतो. म्हणून सगळं मोठ्या शेकरमध्ये घातलं. साखर, फळ, ब्रँडी, बिटर्स, बर्फ. आणि सोडा. आणि मिलमधल्या हाताने हलवलं.

झाकण भिंतीवरच्या भुसा भरलेल्या मस्की माशाला लागलं. मासा पडला. उरलेलं माझ्या तोंडावर, शर्टावर आणि पाद्रीबुवांवर. चेरी त्यांच्या कॉलरमध्ये गेली. शेकर सदोष होता.

शर्ट इथल्या ड्रायरमध्ये टाकलाय. मी एप्रन घालून बसलोय. बनियनवर हॉलमध्ये जाता येत नाही.

बाहेर अकॉर्डियन सुरू झाला. सराव करत असावेत.

बराच वेळ सराव चाललाय. ड्रायर अजून फिरतोय. हार्लनने नवा ड्रायर घ्यायला हवा, किती वेळा सांगितलं.

टाळ्या. सरावाला कोणी टाळ्या वाजवतं?

१३ ऑक्टोबर, रविवार

काही लिहायचं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ब्रिन विमानतळावर जायच्या आधी आली. नवरा गाडीतच बसला होता, इंजिन चालू ठेवून. ती खाली तळघरात आली आणि झाडाशेजारच्या स्टुलावर बसली.

मी सगळा दोष मारिबेलवर, शेकरवर आणि व्याह्यांच्या तहानेवर टाकणार होतो. तयारी केली होती. ब्रिन आधीच म्हणाली, "पहिलं अर्धं गाणं मी एकटीच उभी होते, बाबा. सगळे बघत होते. मग आई आली." ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

मला फार वाईट वाटलं. हे इथे लिहितो, कारण तिथे म्हणता आलं नाही. तिथे मी म्हणालो, "काय घेतेस?"

ती म्हणाली, "पाणी. साधं."

वर गेलो. नळाचं पाणी आणलं. बर्फ विचारला नाही. ती माझ्यासमोर घटाघट अर्धा ग्लास प्यायली. मग वळून उरलेलं सगळं पाणी तिने हळूच झाडाच्या कुंडीत ओतलं आणि म्हणाली, "यालाही मिळू दे जरा साधं पाणी. तेवीस वर्षं या कुंडीतली झाडं तुझी ड्रिंक्सच पितायत."

मी म्हटलं, म्हणजे? जिन्यावर उभी असलेली अर्लिस झटकन वर निघून गेली.

ब्रिनने माझ्या गालाची पापी घेतली. म्हणाली, नाताळला येते, तेव्हा नाच. गाडीचा हॉर्न वाजला.

ड्वेनला फोन केला. उचलला नाही.

दुपारभर त्या स्टुलावर बसून होतो. हात सहज खाली सोडला तर थेट कुंडीवर जातो. मग उठलो, माहीत नसेल ते विचारावं म्हणणाऱ्या डोरीनचा नंबर शोधला आणि विचारलं, पोल्काला सुरुवात डावीकडून करतात की उजवीकडून. ती म्हणाली, "थांबा, वही आणते."