तेलाचं बोट

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझ्या डायलिसिसच्या मशीनवर आमच्या चर्चचे जुने पाळकसाहेब आले. तेच!

दुपारच्या यादीत नाव वाचलं तेव्हा वाटलं, दुसरं कोणी असेल. दारात व्हीलचेअर आली आणि पाय आधी दिसले. चपलेत न मावणारे, सुजलेले. मग तोंड. मला ओळखलं त्यांनी. हात जोडले. मी म्हटलं, "काट्यावर उभे राहा." बहात्तर किलो चारशे.

चार वर्षं झाली. माझ्या नवऱ्याचं, ह्यांचं डायलिसिस इथेच व्हायचं, माझ्याच हातून. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. एके दिवशी पाळकसाहेबांनी ह्यांच्या कपाळावर तेलाचं बोट लावलं. हे घरी येऊन म्हणाले, "साहेब म्हणाले, प्रभूने मला बरं केलं. आता मशीन नको." मी पाया पडले, भांडले, रडले. ऐकलं नाही. अकराव्या दिवशी गेले. मुलगी तेव्हा सहा वर्षांची.

इन्चार्ज सिस्टरने हळूच विचारलं, "हा पेशंट दुसरीला देऊ का गं?" नको म्हटलं. बघायचं होतं मला. देवाच्या माणसाच्या हातात सुई जाते तेव्हा तो काय म्हणतो?

काही म्हणत नाही. डोळे मिटतो. सगळेच मिटतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

त्यांची शीर चांगली आहे. बोट ठेवलं की खालची थरथर नीट लागते. पहिल्याच टोचणीत सुई बसली असती. मी दोनदा टोचली.

मुद्दाम? — माहीत नाही.

माहीत आहे. मुद्दाम.

८ फेब्रुवारी, शनिवार

शेजारच्या मशीनवर शिंपीकाका असतात. जगातली कुठलीही गोष्ट चार तास चघळू शकतात. आज पाळकसाहेबांना धरलं. "साहेब, ते पवित्र पवित्र म्हणता, म्हणजे नक्की काय हो?"

"वेगळं काढून ठेवलेलं, काका. देवाच्या कामासाठी."

माझ्या तोंडाला कुठे लगाम! म्हटलं, "मग आमचं सात नंबरचं मशीन सगळ्यात पवित्र. काविळीच्या पेशंटसाठी वेगळंच काढलंय. कोणी हात लावत नाही."

काका इतके हसले की त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला. पाळकसाहेबही हसले. म्हणाले, "खरं आहे बाईंचं. लोक ज्याला हात लावायला भितात, त्यालाही देवाने वेगळं काढलेलं असतं कधी कधी."

राग आला. उत्तर चांगलं होतं म्हणून जास्त आला.

९ फेब्रुवारी, रविवार

मी चर्चला जात नाही. सासूबाई जातात, येताना प्रवचन घेऊन येतात. आज नवीन पाळक अभिषेकावर बोलले म्हणे. ज्याच्यावर देवाचं तेल आहे त्याला काही बाधत नाही! मी म्हटलं, "मग जुन्या साहेबांची किडनी कशी बाधली?" सासूबाई म्हणाल्या, "तू त्यांचं नाव काढू नकोस. भोगतोय तो."

जुन्या साहेबांना काढलं ते माझ्या अर्जावरून. चर्चच्या कमिटीला चार पानी अर्ज लिहिला होता. कमिटीने समोर उभं करून विचारलं, "तुम्ही त्यांना उपचार सोडायला सांगितलंत का?" साहेब गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. गप्प म्हणजे कबूल! महिन्याभरात चर्चच्या आवारातलं घर खाली करावं लागलं. त्यांची बायको भांड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गेली. मी खिडकीतून बघितलं. बरं वाटलं होतं. खूप बरं वाटलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मध्येच त्यांचं प्रेशर पडलं. पायाला गोळे. पाय वर उचलला, सलाईन सोडलं, पोटरी चोळत बसले. हाताला काय कळतंय पाय कोणाचा आहे!

सावरल्यावर म्हणाले, "मुलगी कशी आहे?"

"बापाविना आहे."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज विचारलंच. "माझ्या माणसाला मशीन का सोडायला लावलंत?"

नळीतल्या रक्ताकडे नजर वळवली. मग म्हणाले, "तुम्हाला माझा राग आहे, तो असू दे."

"असू दे म्हणजे?"

"असू दे."

जसा काही माझ्यावर उपकार! माणूस मेला माझा, आणि हे मूग गिळून संत होणार. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. त्यांचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहूनच काढते.

त्यांची बायको डबा घेऊन आली होती. मी हात धूत होते तिथे बेसिनपाशी गाठलं. वाळून काडी झालीय बाई, पण आवाज तोच. "आधीच्या हॉस्पिटलात टोचायचे तेव्हा त्यांचा हात काळानिळा होत नव्हता. मी न बोलता बघतेय. चार वर्षं त्यांनी मला गप्प बसवलंय. आज नाही बसणार."

मग बोलत गेली. ह्यांना मशीन सोडायला पाळकसाहेबांनी सांगितलंच नव्हतं. उलट रागावले होते. तिच्या स्वयंपाकघरात दोघांचं भांडण झालं, तिच्यासमोर. हे म्हणाले होते, "मी ठरवलंय, साहेब. पण बायकोला काय सांगू? तिच्याच हातच्या सुयांना कंटाळलो म्हणून? ती आयुष्यभर स्वतःला खात बसेल. तुमचं नाव सांगतो. रागवायला तिला कोणीतरी हवं."

"आणि ह्या शहाण्याने वचन दिलं!" ती म्हणाली. "घर गेलं, मान गेला, लोक रस्ता बदलतात. मी म्हणते, तोंड उघडा. म्हणतात, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कोणाकडून मागू?"

नळ चालूच राहिला होता. तिनेच बंद केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

जेवले नाही. सासूबाईंना डोकं दुखतंय सांगितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज नीट टोचली. एकदाच. पट्टी चिकटवताना म्हटलं, "बाईंनी सांगितलं सगळं."

त्यांनी डोळे मिटले. "सांगायला नको होतं तिने."

"मग तेल कशाला लावलंत? बरं करायचं नव्हतं, तर कशाला?"

"त्यांना भीती वाटत होती," म्हणाले. "ठरवलं होतं, तरी वाटत होती. राजाला तेल लावतात, याजकाला लावतात. पुढे मोठं काम असतं म्हणून. त्यांच्याही पुढे होतंच की. एकट्यानेच करायचं होतं. निदान कोणाचा तरी हात लागून जावेत, एवढंच."

मला माफी मागता आली नाही. कमिटीला दुसरा अर्ज लिहिते म्हटलं. तर म्हणाले, "नको. तुमच्या मुलीला काय सांगाल?"

शेजारी शिंपीकाकांनी चादर तोंडावर ओढून घेतली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हे वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही. ह्यांच्या शेवटच्या डायलिसिसला, तेल लागायच्या आदल्या दिवशी, सुई माझ्या हातात होती. हे म्हणाले, "आता पुरे गं. थकलो मी." स्पष्ट म्हणाले.

मी ऐकलं होतं. म्हटलं, "हात सरळ ठेवा."